सगळ्यांना ठाण्याला नेणाऱ्या सुनंदाताई

मंडळी, मुरबाडकडच्या कॅम्पवरून मानपाड्याला घरी आलेय, पण डोकं अजून तिथंच आहे.

मी डेंटिस्ट. आज गावातल्या बायकांची तोंडं तपासली. मशेरीमुळे बऱ्याच जणींच्या गालात आतून पांढरे चट्टे. यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. चट्टा दिसला की गावच्या आशासेविका सुनंदाताई त्या बाईला स्वतः ठाण्याच्या हॉस्पिटलात नेतात.

निघताना सहज म्हटलं, "ताई, आता तुम्ही बसा."

"मी कशाला, मॅडम?"

बसवलंच. चट्टा होता. चांगला जुना.

"माहितीय मला. मीच पेशंट झाले तर यांना कोण नेणार?"

तीन वर्षं प्रत्येक कॅम्पला मी त्यांच्याच घरी जेवतेय. एकदाही "आ करा" म्हटलं नाही. सांगा, अडाणी कोण, त्या की मी शिकलेली?