दिवेलागणीचा मेन स्विच

मुलुंडच्या काशीराम परबांची एक रीत होती. दिवेलागणीला देवापुढे समई लावायची, ती घराचा मेन स्विच पाडून. घरभर काळोख, त्यात एकच ज्योत. हात जोडायचे आणि मग स्विच वर. गिरणीच्या झगझगाटात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला एवढा काळोख लागायचाच. सून नीला ओरडायची, "मामंजी, माझी मालिका!" त्यावर ते म्हणायचे, "थांब गो, तुझ्या मालिकेतली सासू इतक्यात काय मरत नाय!"

नात दिशाला मात्र त्या दिवशी कशाचंच भान नव्हतं. कॉलेजात वीजबचतीवरच्या फिल्मची स्पर्धा होती. गेल्या वर्षी ती दुसरी आली होती. यंदा पहिलं यायचंच होतं. फिल्ममध्ये वितळता बर्फ आणि रडणारं अस्वल. अस्वलाचा केसन् केस हलावा म्हणून कॉम्प्युटर आदल्या रात्रीपासून घरघरत होता. तो तापू नये म्हणून खोलीत एसी. घरातली माणसं बाहेर पंख्याखाली घाम पुसत होती, अस्वल आत गारव्यात.

"आजोबा, कॉम्प्युटरला हात लावू नका हं," बजावून दिशा खाली दुकानात गेली.

आजोबांनी शब्द पाळला. कॉम्प्युटरकडे ढुंकूनही न बघता त्यांनी मेन स्विच पाडला.

"वाट लागली! माझं अस्वल!" दिशा दारातूनच किंचाळली.

"गेला काय गो?"

"अर्धं झालं होतं! आता सकाळपर्यंत कसं होणार?"

"पण मी हात नाय लावलंय त्येका!"

सकाळी काशीराम स्वतः तिच्यासोबत गेले. एसीने गारठलेल्या सभागृहात दिशा म्हणाली, "माझी फिल्म आजोबांनी बंद केली." सगळे खो खो हसले. परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे काय केलंत, आजोबा?"

"दाखवतंय," म्हणत त्यांनी शिपायाकडून मेन स्विच पाडून घेतला. दिवे गेले. पंखे, पडदा, एसी सगळं गप्प. उद्घाटनाची समई कोपऱ्यात केव्हाची जळत होती, ती लोकांना तेव्हा दिसली. परीक्षक म्हणाले, "हीच खरी फिल्म!"

दिशा पहिली आली. बक्षीस म्हणून मिळालं काय, तर वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी भलीमोठी बॅटरी!

त्याच संध्याकाळी काशीरामांनी स्विच पाडला, समई लावली, डोळे मिटले. काळोखात बॅटरी टीं टीं टीं करून रडायला लागली.

"ह्येका काय झाला गो?"

"काही नाही, आजोबा," दिशा म्हणाली, "अस्वल परत करायला घेतलंय. पुढच्या वर्षीसाठी."