आनंदरावांची कोरी पाखरं

आनंदराव गजभियेंना दुसरं व्यसन नव्हतं. बिडी नाही, पत्ते नाहीत. टपालखात्यात पत्रांच्या छाटणीला बत्तीस वर्षं घासली आणि जमेल तेव्हा पाखरांची तिकिटं घेतली. माळढोक, नवरंग, हळद्या. तीही कोरी, मागचा गोंद शाबूत असलेली. शिक्का बसलेलं तिकीट म्हणजे त्यांच्या लेखी उष्टं ताट. बायको सिंधूताई म्हणायच्या, "खरं पाखरू तं कधी मान वर करून पाहत नाही हा माणूस!" आणि ते खरंच होतं.

गेल्या वर्षी सिंधूताईंची एक बाजू लुळी पडली. लेकरूबाळ नाही. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या घरात खोली एकच, मागं टिनाचं स्वयंपाकघर. खाट, कपाट आणि कूलर, सगळं एकाच भिंतीशी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि कूलर दिवसभर चालू झाला. एका दुपारी आनंदरावांनी अल्बम उघडला, तर सारसाचं तिकीट पानाला चिकटलेलं! कूलरच्या दमटपणानं गोंद ओला झाला होता. सोडवायला गेले तर सारसाची मानच फाटली. म्हातारा ढसाढसा रडला. अहो, सख्खा भाऊ गेला तेव्हाही एवढा रडला नव्हता.

सिंधूताई खाटेवरून पाहत होत्या. पुढच्या महिन्यात तिकिटांचं प्रदर्शन आहे, आनंदरावांचं आयुष्यातलं पहिलंच, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बंद करा जी कूलर. मले थंडी वाजून राहिली."

"थंडी? नवतप्यात? काहून वं?"

"वाजून राहिली म्हणते ना!"

नागपुरात नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, थंडी वाजते म्हटलं तर शेंबडं पोरही हसेल. आनंदरावांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. अल्बम शेजारच्या नत्थूजींकडे ठेवता आला असता, पण दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होईना. त्यांनी बटण बंद केलं. तीन दिवस ते रोज विचारत, "लावू का वं?" रोज त्या "नको" म्हणत, आणि रोज ह्यांना बरं वाटे. ते बरं वाटणंच आता त्यांना खातं. चौथ्या दिवशी सिंधूताईंचं अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं.

प्रदर्शनाला जायचं नव्हतंच. नत्थूजींनी हात धरून नेलं, म्हणाले, "वहिनीची इच्छा होती गा." पदक मिळालं. परीक्षक बाईंनी कौतुकानं माइक पुढं केला. "आजोबा, घरोघरी कूलर, त्यात एवढी कोरी तिकिटं कशी राखलीत? ह्या पोरांना सांगा जरा."

आनंदरावांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"कूलर बंद ठेवला," ते म्हणाले. "बायको खाटेवर होती. तिनंच म्हटलं, बंद करा."

लोकांना वाटलं, काय साथ दिली बाईनं! सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.