कट्ट्यावरची म्हैस आणि लेकीचा दमा

माझी लेक पाच वर्षांची असताना तिला संध्याकाळ झाली की दम लागायचा. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि खांदे वरखाली व्हायचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. रोग ओळखण्याचं कसलंही शिक्षण नसल्यामुळे मी तो लगेच ओळखला. बायकोच्या चटणीमुळे हे होतंय, असं मी जाहीर केलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी मिरच्या आल्या नाहीत, डंकावर कांडण झालं नाही. कोल्हापुरातल्या घरात वर्षाची चटणी नाही, ही गोष्ट बायकोला माहेरी सांगताही येईना. वर मी तिला लोकरीची शाल टाकून द्यायला लावली आणि शेजारणीचं मांजर हाकलायला लावलं.

माझ्याकडून मी औषधही सुरू केलं. रोज कचेरीतून आलो की लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर न्यायचो. तिथं म्हशी बांधलेल्या असत आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देत. तरुणपणी मी थोडे दिवस तालमीत जात होतो. तेवढ्यावर माझी ठाम समजूत होती, की धारोष्ण दुधानं बरा होत नाही असा आजार नाही. लेक म्हशीच्या पोटाला गाल लावून उभी राहायची. घरी परतेपर्यंत शिट्टी सुरू. मी म्हणायचो, "अजून अंगी लागलं नाही. उद्यापासून मोठा पेला."

शेवटी बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही मिरजेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून सुईनं टोचायचं, फुगेल ते बाधतं. लेकीनं हात पाठीमागं लपवला.

"आदी बाबांना टोचा," ती म्हणाली.

मी बाही वर केली. "बघ, काही होत नाही," असं म्हणत होतो. पुढचं नर्सबाईंकडून कळलं. त्यांनी मला स्टुलावर टेकवून पाणी मारलं होतं. डोळे उघडले तर लेक शेजारच्या टेबलावर हात पसरून शांत बसली होती. माझ्याकडे पाहण्यात ती इतकी गुंगली होती, की तिचं टोचून झालेलंही तिला कळलं नव्हतं. त्या दिवशी माझा उपयोग झाला तो एवढाच.

थोड्या वेळानं तिच्या हातावर एका ठिकाणी मोठी गांध उठली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात म्हैस आहे?"

"छे," मी म्हणालो. "आम्ही शहरात राहतो."

"कट्ट्यावर हाय की," लेक म्हणाली. "बाबा मला रोज नेत्यात."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. दूध बाधत नव्हतं. म्हशीच्या अंगाचा कोंडा बाधत होता. डॉक्टरांनी दर आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. ते बराच काळ घ्यायचं होतं. "आणि कोंडा कपड्यांवरूनही येतो," ते माझ्या शर्टाकडे बघत म्हणाले.

एसटीत बायको एवढंच बोलली, "चटणीचं काय करायचं आता?"

लेकीला नेणं थांबलं. मी मात्र जातच राहिलो. कट्ट्यावरचे मित्र, गप्पा, तो वास सुटेना. मी तोडगा काढला: घरी आलो की अंगणातल्या नळावर अंघोळ, मगच आत. गल्लीतली पोरं बघायला जमत. पण एका संध्याकाळी मी अंघोळीआधीच शेजाऱ्याशी बोलत उभा राहिलो आणि लेक धावत येऊन माझ्या पायांना बिलगली. मी मागं सरलो, तशी ती आणखी घट्ट धरून हसू लागली. तिला तो खेळ वाटला. बायकोनं तिला सोडवून आत नेईपर्यंत शिट्टी सुरू झाली होती.

त्यानंतर मी कट्ट्यावर गेलो नाही. एका मित्रानं रस्त्यात गाठून विचारलं, "काय पावणं, म्हशीनं लाथ घातली काय?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी आता मला काही उद्योग नसे. लेक पाठीवर चढली की मी मान वाकडी करून तिच्या छातीला कान लावायचो. खेळता खेळता, जेवता जेवता, पुन्हा पुन्हा. इंजेक्शनं चालू होती, आवाज कमी होत चालला होता. माझा विश्वास बसत नव्हता.

एकदा ती वैतागली. "घेतीया की श्वास," ती म्हणाली. "सोडा आता मला."