वर्तुळातलं घर

अमोनियाचा वास नाकात गेला की अजूनही माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि समोरच्या माणसाला मी खुशाल सांगतो की हा वासाचाच गुण आहे. कुडाळच्या आमच्या ऑफिसात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, नकाशांच्या प्रती काढायचं यंत्र होतं. त्यातून ओलसर, जांभळट रेघांचे कागद बाहेर सरकत, आणि वैशाखातल्या दुपारी परसातल्या पिकत्या फणसाचा गंध त्या उग्र वासात असा मिसळे की जेवणाची वासनाच उरत नसे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडेही संगणक आला होता, पण आमच्या मालकांची श्रद्धा हाताने ओढलेल्या रेघेवर. आणि तो हात माझा असल्यामुळे मला त्या श्रद्धेचा भारी गर्व. पुढे जे झालं ते ह्या गर्वापायीच झालं.

दोन हजार पाच-सहाचा तो सुमार. लहान उपग्रह वर नेणारी रॉकेटं सोडण्यासाठी एका खाजगी कंपनीला किनाऱ्यावर मोकळी जागा हवी होती, आणि मालवणकडच्या सोनखोल गावाच्या माथ्यावरचा सडा, ते दूरवर पसरलेलं काळं, उघडं कातळ, त्यांच्या मनात भरलं. जागेचा आराखडा काढण्याचं काम आमच्याकडे आलं. पहिल्या कागदावर सगळं निर्मळ होतं: सड्याच्या पश्चिम टोकाला रॉकेटचा चौथरा, त्यावर कंपासाचं टोक रोवून तांबड्या शाईने काढलेलं धोक्याचं वर्तुळ, आणि ते वर्तुळ बहुतेक समुद्रावरच, कारण माशांना नोटीस बजावावी लागत नाही. पावसाळा सरल्यावर भोकं पाडून पाहिलं तर टोकाखालचं कातळ आतून पोकळ निघालं. मग चौथरा पूर्वेला सरकला, त्याच्यामागून वर्तुळ सरकलं, आणि दुसऱ्या कागदावर सोनखोलची खालची वाडी अख्खी त्याच्या पोटात आली. आत आलेल्या घरांवर मी तिरक्या बारीक रेघा भरल्या. ह्या रेघांचा अर्थ असा की ही घरं कंपनी ताब्यात घेणार आणि त्यातल्या माणसांना हमरस्त्यालगत नवी घरं बांधून देणार.

त्यातलं एक घर माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. ही बातमी ऐकून ती ऊर बडवून घेईल असं मला वाटलं होतं. माणसं आपल्या मातीला कशी चिकटून असतात वगैरे मी पुष्कळ वाचलं होतं. आक्का हसली. वाळूवर ओढताना भावोजींच्या कमरेवरून होडी गेल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. ते खाटेवर होते आणि खाट घरात होती. वाडीतून वरच्या रस्त्याला यायला चिऱ्यांच्या उभ्या पायऱ्या, त्यामुळे डॉक्टरकडे जायचं म्हणजे चार खांदे गोळा करायचे. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात जाणारी ही बाई परत येईपर्यंत नवरा तसाच ओल्या अंथरुणात पडून असे. दारात गाडी येईल अशा घराची तिने सात वर्षांत कल्पनाही केली नव्हती, आणि आता ते घर माझ्याच बोरूतून उतरत होतं. उरलेल्या ट्रेसिंग कागदाच्या तुकड्यावर मी तिला नव्या घराचा नकाशा काढून दिला. पडवी कुठे, चूल कुठे, तुळस कुठे हे तिने माझ्यावर सोपवलं, मागितलं एवढंच, "खाट सरळ भायर येवक व्हयी, असो दरवाजो काढ." मी तसा रुंद दरवाजा काढला. तो कागद तिने घडी न घालता, सुरळी करून, तांदळाच्या डब्यामागे ठेवला.

कंपनीचे नियोजक साहेब तरुण, मृदुभाषी, ऐकून घेणारे. एकदा जागा पाहून परतताना आम्ही खानावळीत जेवायला बसलो. ताटात तळलेली सुरमई, बाहेर माडांच्या झावळ्यांतून चाळून आलेलं ऊन, आणि असा शिकलेला माणूस गावाविषयी काही सांगा म्हणतोय, मी पाघळलो. त्यांना गावपळणीची कथा सांगितली. तीन-चार वर्षांनी ग्रामदेवता कौल देते आणि सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी, भजनं, एकत्र पंगती, आणि इकडे गावात दिवा नाही, चूल नाही, देवाला एकांत. पुन्हा कौल मिळाला की परत. आजारी, बाळंतीण, कुणीच मागे राहत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. हे सगळं मी फार सुंदर सांगितलं. साहेबांनी हातातला घास खाली ठेवला आणि आणखी एक वाटी सोलकढी मागवली.

तिसरा कागद पंधरा दिवसांत आला. त्यात वर्तुळ जागच्या जागी होतं, घरं जागच्या जागी होती, फक्त घरांवरच्या तिरक्या रेघा काढून टाकायच्या होत्या. घरं ताब्यात घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. रॉकेट सोडायच्या वेळी गाव तेवढा बाहेर जाईल, वर्षातून सहा वेळा, आणि समासात टीप: 'तात्पुरते स्थलांतर, स्थानिक परंपरेनुसार.' ट्रेसिंगवरची शाई खोडरबराने जात नाही, ती अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते, कागद फाटू न देता, हलक्या हाताने. ह्या कामात माझा हात धरणारा सबंध जिल्ह्यात कुणी नव्हता. आक्काच्या घरावरच्या रेघा मी शेवटी खरवडल्या, आणि तिथे कागदाला साधा चराही पडला नाही.

तिला मी सांगितलं नाही. तिला ते देवळाच्या मांडवात, सगळ्या गावासोबत, साहेबांच्याच तोंडून कळलं. साहेब परंपरेबद्दल इतक्या आदराने बोलले की म्हातारे मानकरी सुखावून मान डोलवू लागले. कुणीतरी विचारलं, आमच्या पळणीचं तुम्हाला कुणी सांगितलं. साहेबांनी कृतज्ञतेने माझ्याकडे हात केला. बायकांच्या घोळक्यातून आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या खांबाला लावलेल्या आंब्याच्या पानांच्या टाळाकडे पाहत राहिलो.

दोन हजार सातात देवीने कौल दिला. कंपनीला गाव रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते मोजून हवं होतं, आणि माणसं माझ्या ओळखीची म्हणून मालकांनी वेशीवरच्या दगडापाशी मलाच उभं केलं, हातात घड्याळ आणि तक्ता देऊन. ढोल वाजला. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, पायांनी उडालेल्या तांबड्या धुळीला शेणाचा आणि सुक्या गवताचा वास होता, आणि आजवर ज्या वाटेने माणसं गाणी म्हणत आली त्या वाटेने ती माझ्या तक्त्याकडे बघत, मुकाट्याने आली. सर्वांत शेवटी खाट आली. चौघांनी खांद्यावर घेतलेली, वर भावोजी डोळ्यांवर आडवा हात ठेवून पडलेले, मागे आक्का, काखेत कोंबडी. ती माझ्यासमोर थांबली.

"किती टायम लागलो रे?"

"एक तास धा मिनटां," मी म्हणालो.

"लिही तर."

मी लिहिलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

त्या एक तास दहा मिनिटांतून चौथा कागद निघाला. सगळा गाव अर्ध्या तासात बाहेर पडत होता, खोळंबा होता तो खाटेचा. तेव्हा जे उचलून न्यावे लागतात त्यांच्यासाठी वाडीतच, आक्काच्या परसाला लागून, जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली. रॉकेट जाईपर्यंत त्यांना तिथे ठेवायचं. तीही मीच काढली. दरवाजा, सवयीने, रुंद काढला. पुढे मंदी आली, कंपनीने गाशा गुंडाळला, खोली झाली नाही, हमरस्त्यावरची घरं तर कधीच पुसली गेली होती. सड्यावर रंग दिलेले चार दगड राहिले, त्यांच्या आडोशाला पावसात सोनकी फुलते.

दोन हजार दहात पुन्हा कौल झाला. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी वेशीवरच्या त्याच दगडापाशी जाऊन उभा राहिलो, आणि येणारी माणसं सवयीने माझ्यासमोरून, जणू मोजून घेत, पुढे गेली. खाट आली नाही. सगळे पार झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. रिकाम्या वाडीवर माडांची सावली पसरली होती, आणि त्यातून, ज्या घरावरच्या रेघा मी खरवडल्या होत्या नेमक्या त्या घरावरून, चुलीचा धूर सरळ वर चढत होता. देवाच्या एकांतात आक्का नवऱ्यासाठी पेज शिजवत होती.

थोरले मानकरी माझ्याजवळ आले. गावात कुणी मागे राहिलं तर पळण बाटते, घरोघर जाऊन त्याला बाहेर काढतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी धुराकडे पाठ केली आणि विचारलं, "सगळी इली मां?"

"इली," मी म्हणालो. ते खोपींच्या दिशेने चालू लागले. ह्या खेपेला ब्लेड लागलं नाही. आक्काचं घर मी नुसत्या तोंडाने गावातून काढून टाकलं होतं. तिला तेच हवं होतं की नाही, हे मी अजून तिला विचारू शकलेलो नाही.