चालता कोयता मोडू नये

गेल्या मंगळवारी बीडच्या मैदानावर मी माझ्या अकलेचे दिवे पाजळले... पोरींनी ते वेळेत विझवले, म्हणून आज आनंदानं लिहायला बसलोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं धारूरला वेल्डिंगचं दुकान. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंग जोडून द्यायला गेलो आणि रिंगेबरोबर मीही तिथंच चिकटलो. खेळ शिकलो मोबाईलवर बघून. तरी शाळेच्या सरांनी मोठ्या मनानं मुलींचा संघ माझ्या हवाली केला. पोरी मला चाचा म्हणतात.

संघात एक जोडी आहे, वर्षा आणि शबाना. वर्षा एवढीशी, पण समोरचीच्या हातातला बॉल कधी काढून घेईल पत्ता लागायचा नाही. शबाना ताडमाड, पळायचा मात्र जन्माचा कंटाळा... तिच्या अब्बांचा फळांचा गाडा आहे. टेम्पोतून फेकलेली टरबुजं झेलत ती मोठी झाली. तिच्या हातातून काही निसटत नाही.

वर्षानं बॉल हिसकायचा, मान न वळवता फेकायचा, रिंगखाली शबानानं झेलून आत टाकायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. याच जोरावर आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो.

त्या फायनलवर वर्षाचं बरंच काही टांगलेलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते आणि शाळा सोडून वर्षाही बरोबर. यंदा वडिलांनी शब्द दिला होता... जिंकलात तर विभागाच्या सामन्यांसाठी थांब, शबानाच्या घरी राहा, शाळाही होईल. हरलात तर मुकाट्यानं ट्रकात बस.

आता माझा शहाणपणा ऐका. बीडला जाताना एसटीत माझ्या डोक्यात आलं, दोन्ही हुकमी पत्ते एकदम कशाला टाकायचे? एक खेळेल तेव्हा दुसरी बसेल. म्हणजे मैदानावर कायम एक तरी चांगली पोरगी राहील... हिशेब कसा चोख वाटत होता!

पहिल्या भागात वर्षाला उतरवलं आणि सांगितलं, आज तूच टाक. तिनं बॉल हिसकावला खरा, पण फेकायला बघते तर रिंगखाली नेहमीचे हात नाहीत. मग लांबूनच टाकत राहिली, एकही आत गेला नाही. दुसऱ्या भागात शबाना रिंगखाली हात वर करून उभी, बसची वाट बघावी तशी.

हाफटाइमला अठरा-सहा. अठरा त्यांचे, सहा आमचे. मी पोरींवर चिडचिड करायला लागलो. शबाना खाली बघत एवढंच म्हणाली, "चाचा, मेरे तक बॉल आयाच नै."

वर्षा बुटाची लेस बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "येनारच न्हाई. तुमी कोयता मोडलाय."

मला आधी कळलंच नाही. ऊसतोडीत दोघांच्या जोडीला कोयता म्हणतात, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एवढं मलाही माहीत होतं. पण पुढचं तिनं सांगितलं. मागच्या साली त्यांच्या मुकादमानं असंच केलं होतं... चांगला तोडणारा एका जोडीत घातला, चांगली बांधणारी दुसरीत. दोन्ही जोड्यांचं काम बसलं. तोडणाऱ्याचा हात चालायचा, पण मोळी मागं पडायची. बांधणारी मोकळी बसायची, कारण ऊसच पडायचा नाही.

"चालता कोयता मोडायचा न्हाई, चाचा," ती म्हणाली. "शबानाला संगं द्या. मी रिंगकडं बघनार बी न्हाई. टाकायचं तिचं काम हाय."

खरं सांगतो, कान गरम झाले. चाळीस वर्षं लोखंड जोडून खाल्लं, आणि जुळलेला सांधा मीच आपल्या हातानं कापून ठेवला होता! दोघींना एकदम उतरवलं आणि तोंडाला कुलूप लावून बसलो. माझ्यासाठी हे लई अवघड काम...

पुढं काय झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. वर्षानं हिसकावला, फेकला, शबानानं झेलला, आत. पुन्हा हिसकावला, फेकला, आत! समोरच्या दोघीतिघी शबानाला घेरायला धावल्या, तर आमच्या बाकीच्या मोकळ्या झाल्या. मग त्यांनीही हात धुऊन घेतले.

शेवटच्या भागात आम्ही पुढं गेलो ते गेलोच. एकतीस-पंचवीस. अख्ख्या सामन्यात वर्षाच्या नावावर एक पॉइंट नाही, आणि शिट्टी वाजल्यावर पोरींनी खांद्यावर घेतलं ते तिलाच. शबाना खालून ओरडत होती, "हळू, माझं टरबूज पाडताल."

काल वर्षाचे वडील दुकानावर आले. तिची कपड्यांची पिशवी शबानाच्या घरी ठेवून आले होते. चहा पिताना म्हणाले, "मुकादम लई बघितले, चाचा. पन पोरीचं ऐकून काम बदलनारा पयल्यांदा बघितला." मी म्हणालो, पोरगी तुमची आहे, अक्कल तुमच्या फडातली... माझं काय, फक्त कान.

आज सकाळी टोळी गेली. मैदानावर पोचलो तर दोघी माझ्याआधी हजर. काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. वर्षा भलतीकडंच बघत होती, बॉल हवेत होता... आणि शबानाचे हात आधीच वर झाले होते.

या वयात उस्ताद भेटायला नशीब लागतं. मला चौदा वर्षांची भेटली, अल्लाची मेहरबानी.