खिडकीतली मुलगी

बायकोला, सुमनला, माझं सगळं ठाऊक आहे — चोरून ओढलेल्या विड्या, भांडून सोडलेली पहिली नोकरी, सगळं. ही एक गोष्ट सोडून. ती तिला नाही, कुणालाच नाही सांगितली. मग तुम्हाला का सांगतोय? स्वतःचाच वैताग आलाय, म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही खांदा कॉलनीत राहायचो. दिवसा ऑफिसात खर्डेघाशी, सुट्टीला दिवाळी अंकांसाठी व्यंगचित्रं — त्यातही खिडकीचित्रं. तुम्ही पाहिली असतीलच. पानाला चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यातून पुढच्या पानाचा तुकडा दिसतो, बघणाऱ्याच्या मनात भलतंसलतं येतं — आणि पान उलटलं की साधंच काहीतरी. चावट म्हणा हवं तर. पण अंक हातात आला की लोक आधी तेच पान शोधायचे, आणि मला त्याचा माज होता.

वरच्या मजल्यावर एक कोरियन जोडपं होतं. नवरा उरणकडे बंदराच्या कामावर इंजिनिअर. बायको आमच्याहून लहान, पण आम्ही तिला किमताई म्हणायचो. तिचं मराठी उरणजवळच्या करंजाहून येणाऱ्या मासेवालीकडून शिकलेलं — ‘हाय’ आणि ‘नाय’ अगदी ठसक्यात. मी चित्रं काढतो म्हणून एकदा तिने एक जाडजूड चित्रकथा आणून दिली. तिच्या भावाने काढलेली. मला वाटलं, कॉमिक म्हणजे असतील राक्षस-बिक्षस.

एकेक पान उलटत, मोडक्या हिंदी-मराठीत, हातवारे करत तिने सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने कोरियातल्या मुली कारखान्यात काम देतो म्हणून नेल्या आणि छावणीत सैनिकांसाठी ठेवल्या. त्यातली एक तिची सख्खी मावशी. मावशी जन्मभर गप्प होती. म्हातारपणी बोलली, आणि भाच्याने ते काढलं.

एका चित्रापाशी किमताई थांबली. फळ्यांच्या दारात ती मुलगी उभी, एका हाताने गळ्याशी कपडा आवळून धरलेला. बाहेर सैनिकांची रांग. “नीट बगा,” एवढंच म्हणाली आणि पुस्तक माझ्याकडे ठेवून गेली.

बघितलं की! अगदी नीट बघितलं.

कारण संपादकांची पत्रावर पत्रं येत होती. एक खिडकी कमी पडत होती आणि माझं डोकं चालेना. किती कागद फाडले! हे नको, ते जुनं, ते मागच्याच वर्षी झालं — आणि समोर ते पुस्तक. आलंच ना लक्षात? ट्रेसिंग पेपर ठेवला. तीच मुलगी, तोच हात. साडी नेसवली, टिकली लावली. खिडकीतून दिसायची दारातली ती आणि बाहेर ताटकळलेले पुरुष. पान उलटलं की शेजारी रेशनचं दुकान — रॉकेलची रांग ती! तिच्या चेहऱ्यावरची भीती मी लाज म्हणून खपवली. त्या अंकात सगळ्यांत गाजलं ते हेच चित्र.

दिवाळीत सुमन फराळाच्या ताटाबरोबर तो अंक वर द्यायला निघाली — कौतुकाने. मी अडवू शकलो असतो. पण अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी किमताई अंक घेऊन खाली आली. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “ही माजी मावशी हाय.”

सुमन हसली. “अगं नाही गं, ह्यांनी मनाने काढलीय ती.”

किमताईने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, “हो, मनानेच.”

तिने पान उलटलं, रांग पाहिली, अंक मिटला. मग सुमनलाच विचारलं, “लोकं हसली?”

“खूप! ह्यांच्या ऑफिसात तर हातोहाती फिरून अंक फाटला.”

किमताईने मेजावरचं आपलं पुस्तक उचललं आणि जिना चढून गेली. त्यानंतर ती आमच्या दारात कधी आली नाही.

“हिला एकदम झालं काय हो?” सुमनने विचारलं.

“तिला विनोद कळला नसेल,” मी म्हणालो.