आईच्या आवाजाला परवानगी नाही

धाकट्याच्या आईचा गळा म्हणजे धुलाईखान्याचा भोंगा. वीस वर्षं तिने वाफेच्या प्रेसवरच्या माणसांना नुसतं ओरडून सांभाळलं. मग घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज कायमचा जाणार होता. त्याआधी आठवडाभर धाकट्याने तिची साठ वाक्यं रेकॉर्ड केली, शिव्यांसकट. नववीत शाळा सोडलेल्या या पोराने त्यांचं अ‍ॅप बनवलं. बटण दाबलं की फोनमधून आई खेकसायची, "हात काढ, मुडद्या!"

दोन वर्षं झकास चाललं. मग एका सोमवारी सकाळी आईचा फोन अपडेट झाला आणि अ‍ॅप उघडेना. 'निर्माता अनोळखी. सुरक्षेसाठी बंद.'

"अनोळखी? तिच्या पोटचा आहे मी!" धाकटा घरभर येरझाऱ्या घालत होता.

ताई मोबाईलच्या दुकानात कामाला. "कंपनीवर काय चिडतोस? शेजारच्या काकांनी परवा कुठलंतरी अ‍ॅप टाकलं, सगळे फोटो चोराच्या घरी. दाराला कुलूप नको?"

"हवं ना! पण किल्ली घरवाल्याकडे की कुलूपवाल्याकडे?"

ताईने कंपनीच्या मान्य यादीतलं, लिहिलेलं बोलून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. त्यातली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "कृपया हात बाजूला घ्या." आईने कपाळावर हात मारला.

धुलाईखान्यात त्या बाईला कुणी विचारेना. दुपारी प्रेसवरच्या लांबूचं बोट भाजलं. आई घरी आली आणि तिने पाटीवर खडूने लिहिलं, 'उद्यापासून जाणार नाही.'

धाकट्याच्या जिवाला चैन नाही. त्याने तीच साठ वाक्यं गाण्यांच्या यादीत कोंबली. गाणी कंपनी अडवत नव्हती, अजून तरी. "एकच दिवस चल. मी येतो बरोबर."

सकाळी तो तिच्या शेजारी उभा. लांबू चादर सरळ करायला वाकला, प्रेसचं झाकण खाली येऊ लागलं. आई यादी सरकवतेय, सरकवतेय, वाक्य सापडेना. शेवटी दिसेल त्यावर बोट मारलं.

"आधी जेव, मग बोल!"

अख्खा धुलाईखाना दचकला. लांबूने चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घेतला. झाकण धप्पकन बसलं.

"मावशी, अहो अकराच वाजलेत!"

आई हसली, आवाज नाही, नुसते खांदे गदगदले. घरी येऊन तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली.

धाकट्याला मात्र हसू येईना. तो कोपऱ्यात बसून फोनमध्ये अपडेट बंद करायचं बटण शोधत होता. तिसऱ्यांदा.